पॅलेडियम : माँटानाच्या खाणीपासून मोटारीच्या सायलेन्सरपर्यंत

अमेरिकेत २०२० नंतरच्या काही वर्षांत उभ्या मोटारींखालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेण्याच्या चोऱ्या एकाएकी वाढल्या. चोरांचा डोळा त्या पोलादी डब्यावर नव्हता. आतील सिरॅमिक जाळीवर चढवलेल्या काही ग्रॅम पॅलेडियम, प्लॅटिनम आणि ऱ्होडियमवर होता. टोयोटा प्रियस विशेष लक्ष्य ठरली, कारण हायब्रिड मोटारीचे इंजिन कमी वेळ चालते आणि तिच्या कन्व्हर्टरमधील धातू कमी झिजतो.

पॅलेडियम हे ४६ अणुक्रमांकाचे रुपेरी-पांढरे मूलद्रव्य. प्लॅटिनमच्या गटात सर्वांत हलके आणि सर्वांत कमी तापमानाला, सुमारे १५५५ अंश सेल्सियसला, वितळणारे. विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८०२ मध्ये ते शोधले आणि त्याच वर्षी सापडलेल्या ‘पॅलास’ या लघुग्रहाचे नाव त्याला दिले. शोध जाहीर करण्याची त्यांची रीत मात्र विलक्षण होती : स्वतःचे नाव गुप्त ठेवून त्यांनी हा धातू लंडनमधील एका दुकानात विक्रीस ठेवला!

हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषून घेतो. म्हणून हायड्रोजन शुद्ध करण्यासाठी त्याचे पातळ पडदे वापरतात. औषधनिर्मितीत कार्बनचे अणू परस्परांशी जोडण्याच्या कामी तो उत्प्रेरक ठरतो. याच संशोधनासाठी रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल मिळाले. दागिन्यांत ‘व्हाइट गोल्ड’ घडवतानाही तो सोन्यात मिसळतात.

तरीही त्याचे खरे गिऱ्हाईक मोटारच. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत कन्व्हर्टर रूढ झाले. त्यातील पॅलेडियम विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. शिशामुळे हा उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच्यासोबतच आले.

जगातील बहुतांश पॅलेडियम रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येते. अमेरिकेचा मुख्य स्रोत माँटानातील ‘जे-एम रीफ’ हा खडकाचा थर. तेथील स्टिलवॉटर खाणीची मालकी २०१७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या सिबान्ये कंपनीकडे आहे. युक्रेन युद्ध सुरू होताच, मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला ३,००० डॉलरपलीकडे गेला. पुढे तो इतका कोसळला की सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीला माँटानातील सुमारे ७०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा करावी लागली. विजेवर चालणाऱ्या मोटारीला सायलेन्सरच नसतो, ही चिंता तर त्याआधीपासूनचीच.