जुन्या संगणकीय खेळांचे जतन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्ह्याच्या इतिहासाची साधने प्रामुख्याने दगडात व कागदात आहेत. लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांचा राजवाडा शतके लोटूनही अभ्यासकास पाहता येतो. संगणकीय साधनांचे आयुष्य मात्र अल्प आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक-साक्षरता महाराष्ट्राच्या तालुक्यांपर्यंत पोहोचू लागली. अनेकांची कळफलकाशी पहिली ओळख त्या काळी डॉस प्रणालीवरील खेळांतून झाली. अभ्यासक्रमाची पुस्तके आजही वाचता येतात. ते खेळ मात्र नव्या संगणकावर थेट सुरू होत नाहीत. याची कारणे व जतनाचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तांत्रिक कारणमीमांसा :
जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी व १९९० मध्ये डॉससाठी प्रसिद्ध झाला. डॉसवरील असे खेळ संगणकाच्या यंत्रभागांशी थेट व्यवहार करीत. विंडोज ९५ व ९८ या प्रणाली डॉसशी निगडित असल्याने त्यांवर हे खेळ चालत. २००१ च्या विंडोज एक्सपीचा पाया वेगळा होता. पुढे ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालविण्याची सोयच उरली नाही. २०२१ चे विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच आले.

यावर २००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ हा उपाय पुढे आला. हा प्रोग्रॅम जुना प्रोसेसर, साउंड कार्ड व पडद्याची यंत्रणा यांची हुबेहूब नक्कल करतो. म्हणजेच येथे खेळ बदलला जात नाही, तर त्याचा भोवताल पुन्हा उभारला जातो. याच तत्त्वावर २०१५ मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने डॉसचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये उपलब्ध केले.

तथापि केवळ फाइल पुरेशी नसते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीत पहिल्या टप्प्यानंतर माहितीपुस्तिकेतील अक्षर ओळखावे लागे. पुस्तिका हरवली की खेळ तेथेच थांबे. कागदी साधनाचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

कायदेशीर बाजू :
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास राखीव प्रत करता येते. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, हातोहात आलेल्या अनधिकृत प्रतींना हे संरक्षण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनार्थ संगणकीय साठवणुकीची मुभा दिली. परंतु त्यासाठी ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीयेतर प्रत असावी लागते. मुळातच संगणकावर जन्मलेला खेळ ही अट पूर्ण करू शकत नाही. पोथीच्या रक्षणार्थ केलेली तरतूद फ्लॉपीच्या उपयोगी पडत नाही, ही यातील खरी अडचण होय.

समारोप :
दगडी वास्तू दुर्लक्षित राहिली तरी बराच काळ तग धरते. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद मात्र कपाटात पडल्या पडल्याच क्षीण होते. म्हणून जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी महाविद्यालयांनी त्यांसोबतच्या डिस्क व पुस्तिका यांची नोंद करणे, तसेच त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहून ठेवणे आवश्यक आहे. कायद्यातील उणीव दूर होण्यास वेळ लागेल. नोंदी ठेवण्यास मात्र कोणत्याही दुरुस्तीची गरज नाही. अन्यथा जिल्ह्यातील संगणक-साक्षरतेचा इतिहास केवळ प्रमाणपत्रांच्या आधारे लिहिला जाईल आणि त्या पिढीने संगणक प्रत्यक्षात कसा आत्मसात केला, हे अज्ञातच राहील.