बुटाचे बंद

बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांची शिल्लक मोजणाऱ्या माणसाची स्वतःची शिल्लक कुठे असते? माझी एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती. आमचे दादा, म्हणजे वडील, येडशीवरून जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी सांगत. 1897 साली सुरू झालेली, 1911 साली लातूरला पोचलेली ती अडीच फुटी गाडी. त्या गोष्टी मी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या.

दादा गेले. पुढे लॅपटॉपही कंपनीची खूण दाखवून तिथेच थांबू लागला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे गेलं. नवं घ्या." दादांच्या वेळी डॉक्टर निदान 'नवे घ्या' तरी म्हणाले नव्हते!

भाचा म्हणाला, "मामा, डिस्क जिवंत असेल. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघू."

वाचकहो, संगणकाचे मूळ दुखणे असे, की चालू व्हायला त्याला प्रोग्राम लागतो, आणि प्रोग्राम वाचायला तो चालू असावा लागतो. म्हणजे स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलायचे! 'बूट होणे' हा शब्द त्यातूनच आला. तोड मात्र आमच्या बँकेसारखी. आधी शिपाई शटर उघडतो, मग मॅनेजर-कॅशियर किल्ल्या लावतात, मग काउंटर सुरू. संगणकातही चिपमधला छोटा प्रोग्राम आधी जागा होतो, तो बूटलोडरला उठवतो, बूटलोडर कर्नलला. शिपायाला एवढेच सांगायचे, की आज तिजोरी पेनड्राइव्हमध्ये आहे.

लिनक्सचा कर्नल 1991 साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. 1992 साली त्याने त्याला रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाचा परवाना लावला : वापरा, बदला, वाटा. आमच्याकडे पासबुकाची दुसरी प्रत मागितली तरी शुल्क पडते! 2000 साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरने अख्खी प्रणाली सीडीवरूनच चालवून दाखवली, डिस्कला हात न लावता. पेनड्राइव्ह बाजारात आले तेही त्याच साली, अवघ्या 8 मेगाबाइटचे.

भाच्याने दोन नावे सुचवली : उबंटू, किंवा आपल्या सी-डॅकचे 'बॉस'. कारकुनाने घरीही बॉस कशाला आणावा, म्हणून उबंटू ठरले. मी फाइल उतरवली आणि सिनेमा घालतात तशी पेनड्राइव्हवर घातली. काहीच हलेना.

भाचा हसला. "मामा, तुम्ही इंजिन वाघिणीत भरलंय. ते रुळावर ठेवावं लागतं."

म्हणजे नुसती फाइल ठेवून भागत नाही. खास प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते, तेव्हा बूटलोडर शिपायाला सापडेल अशा जागी बसतो. त्यात आधीचे सगळे पुसले जाते. आमच्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो असे कामी आले.

पडद्यावर दोन पर्याय आले : 'वापरून पाहा' आणि 'बसवा'. माझे बोट दुसऱ्याकडे निघाले होते. भाच्याने मनगट धरले. "ते दाबलंत तर आजोबा पुसले जातील!"

पहिला दाबला. डिस्क दिसली. आधी प्रत काढली, मग ऐकले. दादा सांगत होते, गाडी घाटात कशी धापा टाकी. मध्येच दुसरा आवाज आला, माझाच : "दादा, आटपा लवकर, बँकेला उशीर होतोय." तिथेच मुद्रण संपले.

मी ते तीनदा ऐकले. त्या दिवशी बँकेत पाऊण तास उशिरा पोचलो. लेट मार्क लागला.