लेखकु ते लेखक

ज्ञानेश्वरीचा लेखक कोण? प्रश्न शाळकरी वाटतो आणि उत्तर प्रत्येकाला पाठ असतं. पण ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘लेखकु’ म्हणून जे नाव येतं ते ज्ञानदेवांचं नाही, सच्चिदानंदबाबांचं आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवर टीका केली आणि सच्चिदानंदबाबा तिचे लेखक झाले, अशी ती नोंद. तेव्हाच्या मराठीत लेखक म्हणजे लिहून घेणारा, अक्षर काढणारा. ज्याच्या मुखातून रचना निघाली तो कवी किंवा ग्रंथकर्ता. ज्याच्या बोटांतून ती कागदावर उतरली तो लेखक. त्या अर्थानं तुकोबांच्या अभंगांच्या वह्या लिहिणारे संताजी जगनाडे लेखक, आणि तुकोबा कवी.

आज हाच शब्द रचणाऱ्याच्या नावाला लागतो आणि उतरवून घेणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘लेखनिक’ उरला आहे. परीक्षेला अंध विद्यार्थ्याला मिळतो तो लेखनिक. सहाशे-सातशे वर्षांत एक शब्द हातातून डोक्यात कसा गेला, हे पाहण्यासारखं आहे.

मुळाशी ‘लिख्’ हा संस्कृत धातू आहे आणि त्याचा जुना अर्थ आहे ओरखडणं, कोरणं, रेघ ओढणं. ‘रेखा’ आणि ‘लेखा’ ही एकाच कुळातली. म्हणून संस्कृतात चित्रसुद्धा ‘लिहिलं’ जातं. चित्राला आलेख्य म्हणतात ते त्यामुळेच. इंग्रजीतल्या ‘राइट’चा आणि ग्रीकमधल्या ‘ग्राफेन’चा पूर्वार्थही ओरखडणं हाच. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी सळईनं खरोखरच अक्षरं कोरत आणि मग त्यांत काजळी भरत, तिथे हा अर्थ डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे शाईनं लिहायची चाल पडली, ओरखडा गेला, धातू राहिला. पुढे त्याच शब्दाला हिशेबाचा अर्थ चिकटला. लेखापाल, लेखाजोखा, ‘माझ्या लेखी’ आणि ‘कमी लेखणे’ या सगळ्यांत लिहिणं म्हणजे मोजणं आहे. व्यापाऱ्याच्या वहीत जे लिहिलं जात नाही ते जमेत धरलं जात नाही, इतका साधा तो व्यवहार.

मला विशेष वाटतं ते पुढचं. ‘लिहिणे’तला ओरखडा झिजून दिसेनासा झाल्यावर मराठीनं तोच अर्थ नव्यानं घडवला. आपण ‘चार ओळी खरडल्या’ म्हणतो. खरडणं म्हणजे खरवडणं, घासून काढणं. त्यातूनच ‘खर्डा’ निघाला, पहिला कच्चा मजकूर. कोल्हापूरकडे हिरव्या मिरच्या नि लसूण तव्यावर परतून तिथेच रगडतात, त्यालाही खर्डाच म्हणतात. आणि कचेरीत बसून दिवसभर कागद लिहीत राहण्याला ‘खर्डेघाशी’. या शब्दात तुच्छता आहे, पण निरीक्षणही आहे: टाक कागदावर घासला जातो, कोपर मेजावर घासलं जातं, माणूस झिजतो.

खर्ड्याचा दरबारी भाऊ म्हणजे मसुदा. हा अरबीतून फारसीच्या वाटेनं आला. त्याच्या मुळाशी काळा रंग आहे. मसुदा म्हणजे काळं केलेलं. खाडाखोड करून जो कागद काळा झाला तो मसुदा, आणि त्यावरून स्वच्छ उतरवलेल्या प्रतीला अरबीत शब्द आहे तो पांढऱ्या रंगावरून, ‘पांढरं केलेलं’ अशा अर्थाचा. शाईचंही तेच. फारसी ‘सियाह’ म्हणजे काळा, त्याची ‘सियाही’, तिची मराठी शाई. लाल शाई म्हणताना आपण खरं तर लाल काळोखी म्हणतो. ‘कशाला कागद काळे करतोस?’ असं एखाद्या होतकरू लेखकाला घरचे विचारतात, तेव्हा त्या वाक्यात अरबी मसुदा आणि फारसी शाई यांचे अर्थ मराठीनं आपल्या शब्दांत पुन्हा मांडलेले असतात.

लेखणीच्या शब्दांतही असाच हाताचा माग लागतो. बोरू म्हणजे नळासारख्या पोकळ गवताचा दांडा. तो धारदार चाकूनं तिरका कापायचा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई त्या चिरेतून हळूहळू उतरते. काप किती तिरका, यावर उभी रेघ जाड येणार की आडवी, हे ठरतं. बाळबोध अक्षराचा डौल त्या कापात असतो. याच वस्तूचं अरबी नाव कलम, आणि ते ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे पुन्हा तसलंच गवत. कलम करायचं म्हणजे तिरकं छाटायचं, हा अर्थ त्या कृतीतून आला आणि तो मराठीत फार दूर पसरला. कोकणात आंब्याची फांदी तिरकी कापून दुसऱ्या रोपाला बांधतात, ते कलम. भेट कलम, कोय कलम, पाचर कलम असे त्याचे प्रकार बागायतदाराच्या तोंडी आहेत. तलवारीनं मुंडकं उडवलं की ते शिरकलम. आणि कायद्यातला एकेक परिच्छेदही कलमच. माळी, मारेकरी आणि कायदेपंडित यांच्या तोंडी एकच शब्द आला, तो बोरू छाटणाऱ्या हातामुळे.

राजदरबारात या हाताला मोठा मान होता. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडात त्याचा ‘नीस’ झाला आणि चिटणीस, फडणीस, पारसनीस, वाकनीस, कारखाननीस ही पदं आली. पदांची आडनावं झाली. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या अक्षराची आजही आठवण काढतात. त्याच दरबारात परराष्ट्राचा कारभार पाहणारा सुमंत, त्याचं आधीचं नाव डबीर. हा डबीर मात्र थक्क करणारा प्रवास करून आला आहे. फारसी ‘दबीर’ म्हणजे लेखनिक. तो ‘दिपि’ या प्राचीन इराणी शब्दापासून बनला. आणि दिपीचं मूळ अभ्यासक मेसोपोटेमियातल्या सुमेरी भाषेत शोधतात, जिथे ‘दुब’ म्हणजे मातीची पाटी, ओल्या चिखलावर खुणा दाबून लिहायची. अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत ‘दिपि’ हाच शब्द आहे आणि आपली ‘लिपि’ त्याच्या शेजारीच उभी आहे. पुण्यातल्या एखाद्या डबीरांच्या दारावरच्या पाटीत सुमेरी पाटी दडलेली आहे, असं मला ते आडनाव वाचताना दर वेळी वाटतं.

पोथ्या नकलणाऱ्या लेखकाला दरबारातल्यासारखी वतनं मिळत नसत. त्याची कैफियत आपल्याला पोथीच्या शेवटच्या पानावर सापडते. तिथे ठरावीक संस्कृत श्लोक असतात आणि त्यांतून तो वाचकाशी बोलतो. पाठ, कंबर आणि मान वाकून गेली आहे, नजर खाली खिळली आहे, अशा कष्टानं हे लिहिलं, तेव्हा जपून ठेवा, असं तो सांगतो. तेलाचा हात लावू नका, पाणी पडू देऊ नका, बांधणी सैल होऊ देऊ नका. समोर जसं होतं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका, हेही. पुढे तिथी, वार, गाव, स्वतःचं नाव. साऱ्या पोथीत कवीचा शब्द असतो. हा एवढा मजकूरच काय तो नकलणाऱ्याचा.

त्याच्या हातून चुका होत, हे खरं. एकानं ‘य’चा ‘थ’ वाचला की पुढच्या दहा प्रतींत तो ‘थ’च. कोणी आवडलेल्या जागी स्वतःच्या ओव्याही घालत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके पाठभेद माजले, की संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करावी लागली. मराठीतलं पहिलं मोठं संपादन ते हेच. रचणारा आणि लिहिणारा हे दोघं वेगळे असल्यामुळे तिसरा, शोधणारा, जन्माला आला.

या लेखकाचा धंदा बुडवला तो छापखान्यानं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, आणि हातानं उतरवलेली प्रत हा पुस्तक मिळवण्याचा एकमेव मार्ग राहिला नाही. नकलणारा मागे पडला तसा त्याचा शब्द मोकळा झाला. पण रचणाऱ्यांनी तो लगेच उचलला नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात जे पहिलं संमेलन भरलं, त्याचं नाव ग्रंथकार संमेलन. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ज्या मेळाव्यात यायला नकार दिला, तोही ग्रंथकारांचाच. ‘ग्रंथ’ म्हणजे गाठ. पानं दोऱ्यानं गाठून बांधलेली. ज्याच्या नावावर असं बांधलेलं काही आहे तोच त्या सभेचा माणूस, असा त्या नावाचा ध्वनी होता, आणि फुल्यांचा आक्षेपही तिथे कोणाचं दुःख बांधलं जातं नि कोणाचं बाहेर राहतं, यावरच होता.

मला वाटतं, ‘लेखक’ वर आला तो नियतकालिकांमुळे. १८३२चं ‘दर्पण’, १८७४ पासूनची चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, हरिभाऊ आपट्यांचं १८९० साली निघालेलं ‘करमणूक’, का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ आणि त्याचा १९०९चा दिवाळी अंक. यांत एखादी स्फुट गोष्ट, एखादा निबंध लिहिणारा माणूस ग्रंथकार नव्हता, कारण त्याच्या नावावर ग्रंथ नव्हता. पण त्यानं ‘लेख’ लिहिला होता. लेख लिहिणारा तो लेखक. असा तो जुना शब्द नव्या माणसाच्या अंगाला नीट बसला. त्याच काळात ताराबाई शिंदे (‘स्त्रीपुरुषतुलना’, १८८२) आणि काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या स्त्रिया छापील पानावर आल्या आणि ‘लेखिका’ हा शब्दही हळूहळू सवयीचा झाला.

हातातला शब्द डोक्यात गेला, तरी डोक्यात जे घडतं त्याची मालकी मराठीनं कधी लिहिणाऱ्याला दिली नाही. हे मला आपल्या व्याकरणातलं मोठं शहाणपण वाटतं. ‘मी कविता लिहिली’ हे चालतं, पण ‘मी कविता सुचली’ असं कोणी म्हणत नाही. ‘मला’ सुचते. भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, तशी कविता सुचते. स्फुरणही तसंच, ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणं, पापणी आपोआप फडफडते तसं. ‘मी’ येतो तो क्रियापदं हाताकडे वळली की. मी लिहिलं, मी खोडलं, मी टिपलं. या टिपण्याकडे जरा थांबून पाहावं. चिमणी दाणे टिपते, पदरानं डोळे टिपतात, टीपकागद ओली शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि लेखक बाजारात कानावर पडलेलं वाक्य टिपतो. प्रत्येक ठिकाणी नेमकं तेवढंच उचललं जातं, आजूबाजूला धक्का न लावता. वहीतल्या ‘टिपणां’वर ज्यांनी आयुष्यभर लिहिलं, त्यांना याहून नेमकं क्रियापद मिळणार नाही.

म्हणून मला ‘साहित्यिक’ हा शब्द लेखकाच्या जागी बसवलेला आवडत नाही. साहित्य हा शब्द सुंदर आहे. तो ‘सहित’वरून आला; संस्कृत काव्यशास्त्रकार भामहानं शब्द आणि अर्थ एकत्र असण्यालाच काव्य म्हटलं होतं. मराठीनं त्याला आणखी एक अर्थ दिला: पूजेचं साहित्य, शिवणाचं साहित्य, आणि पाककृतीच्या पुस्तकातलं ‘साहित्य’, ज्याच्या खाली दोन वाट्या रवा नि एक वाटी साखर असते. त्या पुस्तकात साहित्याच्या खाली दुसरा मथळा असतो, ‘कृती’. साहित्य जमलं म्हणून पदार्थ होत नाही. १९०६ साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, ग्रंथकार मागे पडून साहित्याचा शब्द पुढे आला, आणि संस्थेसाठी, संमेलनासाठी तो योग्यच आहे. पण माणसाला ‘साहित्यिक’ म्हटलं की कृती नाहीशी होते आणि उरते ती पदवी. साहित्यिक व्यासपीठावर बसतो, त्याला शाल मिळते, तो मतं देतो. तो लिहितो की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. लेखकाचं तसं नाही. त्याच्या नावातच क्रियापद आहे; न लिहिता कोणाला लेखक म्हणवून घेता येत नाही, आणि ज्या महिन्यात त्यानं काही लिहिलं नाही त्या महिन्यात ते नाव त्याला टोचतं.

दिवाळी अंकांचे संपादक, संमेलनांचे आयोजक आणि मानपत्रं लिहिणारे यांना माझी विनंती आहे: नावाच्या आधी ‘ज्येष्ठ साहित्यिक’ लिहायला हात वळेल तेव्हा तिथे ‘लेखक’ किंवा ‘लेखिका’ लिहा. ‘ज्येष्ठ’ही गाळलं तरी चालेल.