तळटीप : बी.ओ.डी.
* बी.ओ.डी. : पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू वापरतात, त्याचे माप. आकड्यासोबत दिवस व तापमान पाहावे. जुनी चाचणी २०° से.ला ५ दिवसांची, आपल्याकडे २७° से.ला ३ दिवसांची रूढ आहे. आंघोळीयोग्य नदीसाठी मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम. पण आकडा बिघडतो तो बहुधा काठावर किंवा वाटेत. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून, बर्फात व अंधारात न्यावी लागते. उशीर झाला, की जिवाणू वाटेतच मळ संपवतात आणि नदी आहे त्याहून स्वच्छ ठरते. म्हणून नमुन्याची वेळ न देणारे तक्ते मी अपुरे मानतो. कीटकनाशकांचे अवशेष तर जिवाणूंना सहज पचत नाहीत; ते या मापात जवळजवळ उमटतच नाहीत, त्यांची तपासणी वेगळी. — संपा.