शहराची सरासरी चांगली, मग आपल्याच गल्लीत पाणी का नाही?

समजा, एका शहरात १०० पैकी ८० घरांत शौचालय आहे. ऐकायला बरं वाटतं. पण उरलेली २० घरं शहरभर विखुरलेली आहेत, की नाल्याकाठच्या एकाच वस्तीत? हे टक्केवारी सांगत नाही, नकाशा सांगतो.

हा नकाशा तयार कसा होतो?

जनगणनेत एका प्रगणकाकडे साधारण ६५० ते ८०० लोकांचा एक गट असतो. घरात किती माणसं, नळ आत की बाहेर, शौचालय आहे का, ही गटागटाची माहिती नकाशावर मांडली की कमतरता नेमकी कुठे आहे ते दिसतं. इतकी बारीक माहिती नसेल तर अंदाज काढावा लागतो. साउदॅम्प्टन विद्यापीठाचा ‘वर्ल्डपॉप’ प्रकल्प उपग्रह चित्रांतली बांधकामं, रस्ते वगैरे पाहून जनगणनेचे आकडे १०० मीटरच्या चौकोनांत वाटतो. अडचण एकच: एका पत्र्याखाली किती माणसं झोपतात, हे आकाशातून दिसत नाही.

मग ते कसं कळणार?

घरोघरी जाऊन. पुण्यातली ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था १९९३ पासून हेच करते. वास्तुविशारद प्रतिमा जोशी तिच्या संस्थापकांपैकी एक. पुणे, सांगलीतल्या वस्त्यांमधलं प्रत्येक घर, गल्ली आणि गटार संस्थेने नकाशावर आणलं. कोणत्या घरात शौचालय नाही आणि जवळची ड्रेनेज लाइन कुठे आहे, हे एकत्र दिसल्यावर घरात शौचालय बांधणं सोपं झालं. संस्था साहित्य देते, बांधकामाची मजुरी कुटुंब देतं.

मोजणीतून कोण सुटतं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १.१८ कोटी लोक झोपडपट्टीत राहत होते. पण ही मोजणी महापालिका, नगरपालिका अशा शहरांपुरतीच होती. म्हणजे परभणी आणि जिंतूर शहर त्यात येतं. जिंतूर तालुक्यातलं बोरी येत नाही, कारण तिथे ग्रामपंचायत आहे. बोरीसारख्या मोठ्या गावातली दाटीची, गटार नसलेली वस्ती या आकड्यात कुठेच नसते.

गावाला काय करता येईल?

२४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते. त्यातून मिळकतींचा नकाशा मिळतो. त्यावर नळ, गटार, शौचालयाच्या खुणा केल्या, की ग्रामसभेत “आमच्याकडे पाणी येत नाही” ऐवजी “या ओळीतल्या या घरांना येत नाही” असं बोट ठेवून सांगता येतं.