वैद्यकीय साहित्य व्यवस्थापन, ग्रामीण

सरकारी आरोग्यसंस्थांना लागणारी औषधे, साहित्य व उपकरणे यांची मागणी, खरेदी, साठवण, वाटप आणि देखभाल पाहणारी व्यवस्था. महाराष्ट्रात ही खरेदी २०१७ मध्ये हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटली गेली. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ च्या अधिनियमाने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अस्तित्वात आले. साठ्याच्या नोंदी ‘ई-औषधी’ प्रणालीत होतात (पहा : औषधभांडार).

मुदत आधी संपणारा माल आधी वापरणे, हा साठवणीचा मुख्य नियम. लसी २ ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागत असल्याने वीज खंडित होणे ही गंभीर अडचण ठरते (पहा : शीतसाखळी). उपकरणांचे सुटे भाग व तंत्रज्ञ शहरांतून येतात. तोवर यंत्र बंद राहते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्यालगतच्या सोनाळा (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) परिसरासारख्या शेती व जंगलाच्या भागात सर्पदंशावरील प्रतिविषाचा साठा विशेष महत्त्वाचा असतो. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात, म्हणून मागणी आधीच नोंदवावी लागते. द्रवरूप प्रतिविषाला शीतपेटी लागते; भुकटीरूप प्रतिविष तिच्याविना टिकते, त्यामुळे दुर्गम केंद्रांना तेच सोयीचे. साठा संपल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते आणि उपचाराचा मोलाचा वेळ प्रवासात जातो (पहा : सर्पदंश).