किरायाची घरे, बीड जिल्ह्यातील
मराठवाड्याच्या बोलीत भाड्याला किराया म्हणतात. जिल्ह्यात खोल्यांना मागणी असते ती प्रामुख्याने बीड, अंबाजोगाई व परळी या शहरांत: अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयामुळे, परळीत औष्णिक वीजकेंद्रामुळे. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आलेला असल्याने इथे मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा नव्हे, तर हैदराबादचा १९५४ चा कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. ‘ओळखीचाच माणूस आहे’ म्हणून तोंडी बोलीवर किल्ली देणाऱ्या मालकाला हे सहसा वाद पेटल्यावरच कळते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर खोली दिली असेल, तर परवान्याची मुदत संपूनही ती न सोडणाऱ्याकडून कलम २४ खाली दुप्पट शुल्क मागता येते. बाकी उन्हाळ्यात पाणी कोणी आणायचे, टँकरचे पैसे कोणी भरायचे, हे करारातच लिहिलेले बरे.